राजा एडविगचे साक्षीदार

इ.स. 955 ते 959 अशी जेमतेम चार वर्षे इंग्लंडच्या गादीवर असलेला एडविग हा राजा विषयलंपट, उतावळा आणि राज्यकारभारास नालायक होता, हे मत मध्ययुगीन मठांतून लिहिल्या गेलेल्या इतिहासांनी रूढ केले आणि पुढे शतकानुशतके ते फारशा हरकतीवाचून चालत राहिले. ज्या थोड्यांनी हरकत घेतली त्यांनीही बहुधा त्याच कथेतील नायक आणि खलनायक यांची अदलाबदल करण्यापलीकडे काही केले नाही. या मताचा माग काढत मागे गेले असता तो जवळजवळ सर्वस्वी एकाच ग्रंथापाशी येऊन थांबतो, आणि तो ग्रंथ एडविगविषयी नाही. तो आहे ग्लॅस्टनबरीच्या मठाचा अधिपती आणि पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या संत डन्स्टनचे चरित्र, ज्यात एडविगचे काम एवढेच की त्याच्या अधर्मापुढे संताचे तेज उठून दिसावे. बखर आणि अस्सल कागद यांतील तफावत मराठी वाचकाला अपरिचित नाही. एडविगच्या बाबतीत ही तफावत विलक्षण मोठी आहे, कारण एकीकडे त्याच्याविषयीची कथा जितकी रसभरित तितकीच एकतर्फी आहे, तर दुसरीकडे त्याच्या कारकिर्दीतील दानपत्रे त्या काळाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतक्या संख्येने टिकून राहिली आहेत.

एडविगचा जन्म 940 च्या सुमाराचा. त्याचे वडील राजा एडमंड हे आल्फ्रेड राजाचे नातू. 946 च्या मे महिन्यात पकलचर्च येथे एका भांडणात ते मारले गेले, तेव्हा एडविग आणि त्याचा धाकटा भाऊ एडगर हे दोघेही अगदी लहान असल्याने गादी एडमंडचा भाऊ एड्रेड याच्याकडे गेली. एड्रेड प्रकृतीने अशक्त होता आणि त्याच्या कारकिर्दीत सत्ता मुख्यतः तिघांच्या हाती एकवटली होती: त्याची आई एडगिफू, मठाधिपती डन्स्टन, आणि पूर्वेकडील प्रदेशांचा एल्डरमन एथेलस्टन. एल्डरमन म्हणजे राजाच्या वतीने एखाद्या प्रांताचा कारभार, न्याय आणि सैन्य सांभाळणारा सरदार. या एथेलस्टनचा दरारा असा की लोक त्याला अर्धा राजा म्हणत. 955 च्या नोव्हेंबरात एड्रेड निपुत्रिक वारला आणि सुमारे पंधरा वर्षांचा एडविग राजा झाला. आजी, संत आणि अर्धा राजा यांच्या हातात असलेली सत्ता एका पोराने आपल्या हाती घेऊ पाहिली, या एका गोष्टीभोवती पुढचे सारे फिरते.

प्रसिद्ध प्रसंग आहे तो राज्याभिषेकाच्या मेजवानीचा. टेम्सकाठच्या किंग्स्टन येथे अभिषेक झाल्यावर सरदार आणि धर्माधिकारी जेवणास बसले असता नवा राजा मधूनच उठून गेला, तेव्हा त्याला परत आणण्यासाठी डन्स्टन आणि लिचफील्डचा बिशप किनेसीग यांना पाठवण्यात आले. त्यांना दिसले ते असे की सोन्यारुप्याने आणि रत्नांनी मढवलेला मुकुट जमिनीवर पडला आहे आणि राजा एथेलगिफू नावाच्या उच्चकुलीन स्त्रीच्या आणि तिच्या मुलीच्या सहवासात रंगला आहे. डन्स्टनने त्या दोघींची कानउघाडणी केली, मुकुट राजाच्या डोक्यावर ठेवला आणि त्याला ओढत सभेत आणले. अपमानित एथेलगिफूने सूड म्हणून त्याला देशोधडीला लावले आणि डन्स्टन समुद्रापार फ्लँडर्समधील गेंट येथील मठात आश्रयास गेला. हे सांगणारा लेखक स्वतःचे पूर्ण नाव देत नाही, केवळ ब या आद्याक्षराने ओळखला जातो. तो डन्स्टनच्या परिवारातील धर्मोपदेशक होता, आयुष्याचा बराच काळ त्याने सध्याच्या बेल्जियममधील लिएज येथे घालवला, आणि हे चरित्र त्याने घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी, डन्स्टनच्या मृत्यूनंतर लिहून कँटरबरीचा तत्कालीन आर्चबिशप एल्फ्रिक याला अर्पण केले. लेखकाला डन्स्टन जवळून ठाऊक होता, म्हणून प्रसंग अगदीच निराधार मानण्याचे कारण नाही. पण तो प्रसंग ज्याच्या तोंडून लेखकापर्यंत आला असण्याचा संभव सर्वांत जास्त, ती व्यक्ती स्वतः डन्स्टनच आहे, ही गोष्टही विसरता येत नाही. शिवाय याच लेखकाच्या हातून एक अडचणीची कबुली निसटली आहे: डन्स्टनविरुद्धच्या कटात त्याचे स्वतःचे काही शिष्यही सामील होते. म्हणजे वाद एका संतापलेल्या बाईचा नव्हता, ग्लॅस्टनबरीच्या मठाच्या आतही डन्स्टनच्या वर्चस्वाला विरोध होता.

या चरित्राशेजारी ठेवण्यासारखे दुसरे विरोधी लिखाण बिशप एथेलवोल्डचे आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे मठजीवनाची नव्याने घडी बसवण्याची जी चळवळ इंग्लंडमध्ये झाली तिचा हा कणखर पुढारी; एडगर त्याचा विद्यार्थी आणि पुढे त्याचा आश्रयदाता. मठांच्या स्थापनेविषयीच्या त्याच्या लिखाणात एडविगने बालिश अज्ञानाने राज्याची एकी मोडली आणि चर्चच्या जमिनी लुटारू परक्यांना वाटल्या, असा आरोप येतो. आरोप गंभीर आहे, पण तो करणारा गृहस्थ एडविगच्या कारकिर्दीत ॲबिंग्डनचा मठाधिपती होता आणि एडविगने याच मठाला दाने दिल्याची नोंद मठाच्याच दप्तरात आहे.

उलट बाजूने बोलणारा एकच समकालीन आवाज शिल्लक आहे. पश्चिमेकडील प्रांतांचा एल्डरमन एथेलवीर्ड याने दहाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये एक इतिहास लिहिला, एसेनच्या मठाची अधिपती असलेल्या माटिल्डा या आपल्या नातलग स्त्रीसाठी. त्यात तो म्हणतो की एडविगला त्याच्या देखणेपणामुळे लोक सर्वांगसुंदर म्हणत आणि त्याने चार वर्षे राज्य करून लोकांचे प्रेम मिळवण्याची पात्रता दाखवली. संतचरित्रांच्या गदारोळात ही दोन ओळींची साक्ष फार निर्मळ वाटते, म्हणून काही अभ्यासकांनी तिच्यावर बराच भार टाकला आहे. तो भार तिला पेलवत नाही. एथेलवीर्ड हा एडविगच्या राणीचा, एल्फगिफूचा, सख्खा भाऊ असण्याची दाट शक्यता आहे. मेव्हण्याने मेव्हण्याची स्तुती केली तर ती खोटी ठरत नाही, पण निःपक्षही ठरत नाही.

सर्वांत तटस्थ असायला हवा तो अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त हा ग्रंथ, म्हणजे वर्षवार घडामोडींच्या नोंदींचा वेगवेगळ्या मठांत नकलून वाढवत नेलेला संग्रह. एडविगच्या वर्षांसाठी तो कंजूष आहे आणि त्याच्या प्रतींचे आपसांत जुळतही नाही: एका प्रतीप्रमाणे दोघा भावांतील राज्याची वाटणी एड्रेडच्या मृत्यूबरोबर 955 मध्येच झाली, इतर प्रतींत एडगरला टेम्सच्या उत्तरेकडील मर्शियाचे राज्य मिळाले ते 957 मध्ये, आणि कँटरबरीचा तत्कालीन आर्चबिशप ओडा याने अति जवळच्या नात्याचे कारण देऊन 958 मध्ये राजा-राणीची फारकत केली, ही महत्त्वाची नोंद उत्तरेकडील परंपरेच्या एकाच प्रतीत आढळते. लंपटपणाचा उल्लेख यांपैकी एकाही नोंदीत नाही.

म्हणून कथा सांगण्याच्या हेतूने न लिहिलेल्या कागदांकडे वळावे लागते, आणि एडविगचे खरे महत्त्व तिथेच आहे. त्या काळी राजा एखाद्या सरदाराला किंवा मठाला जमीन देई तेव्हा चामड्याच्या पत्रावर सनद लिहिली जाई. तिच्यात गाव, हाइड या मापाने मोजलेली जमीन, म्हणजे साधारणतः एका कुटुंबाच्या निर्वाहाला पुरेल अशा क्षेत्राच्या पटीत, तिच्या सीमा, आणि शेवटी राजा, बिशप, एल्डरमन व लहान सरदार अशा क्रमाने साक्षीदारांची नावे येत. अशी सनदी जमीन धारकाला वाटेल त्याच्या नावे करता येई. त्याच्यावर उरत ती फक्त तीन ओझी: सैन्यात हजेरी, गढ्यांची डागडुजी आणि पुलांची कामे. एकट्या 956 या वर्षातील एडविगच्या साठाहून अधिक सनदा आज उपलब्ध आहेत, आणि अँग्लो-सॅक्सन काळातील दुसऱ्या कोणत्याही एका वर्षातील इतक्या सनदा टिकलेल्या नाहीत. जुन्या इतिहासकारांनी या ढिगाचा अर्थ चटकन लावला: अननुभवी पोराने खजिना आणि जमीन उधळली, लाड करणाऱ्यांची घरे भरली.

सायमन कीन्स यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, एडविगनंतरच्या काळातील दुसरा एथेलरेड या राजाच्या सनदांवरील अभ्यासात याच ढिगाची बारकाईने छाननी केली तेव्हा निराळे चित्र दिसले. साक्षीदारांच्या याद्या ताडून पाहता 956 च्या बहुतेक सनदा चार गटांत पडतात, आणि प्रत्येक गटातील सनदा एकाच सभेच्या वेळी, एकाच पद्धतीच्या मजकुराने तयार झालेल्या आहेत, मग जमीन मिळवणारा कोणत्या का परगण्यातला असेना. याचा अर्थ राजाच्या सभेबरोबर लेखनाचे काम करणारा प्रशिक्षित वर्ग होता आणि ही दाने भर मेजवानीत नशेत उधळलेली नसून सभेपुढे, बिशपांच्या साक्षीने, रीतसर झालेली होती. उधळपट्टी रीतसरही करता येते, हे खरेच. परंतु सनदेत किंमत नमूद नसली तरी जमिनीच्या मोबदल्यात पैसा घेतला जाण्याची चाल होती, आधीच्या राजांच्या हातून हिसकावल्या गेलेल्या जमिनी परत देण्याचाही प्रकार असू शकतो, आणि नव्या राजाने आपल्या बाजूची माणसे उभी करण्यासाठी जमीन वाटणे ही तर त्या काळच्या राज्यकारभाराची सरळ रीत होती. शिवाय संख्येविषयीही सावधगिरी हवी. यांपैकी बऱ्याच सनदा मूळ स्वरूपात नव्हे, तर ॲबिंग्डनसारख्या मठांच्या नोंदवह्यांत केलेल्या नकलांच्या रूपाने टिकल्या. ज्या जमिनी पुढे त्या मठांकडे आल्या त्यांचे कागद सांभाळले गेले, बाकीचे गेले. ॲबिंग्डनचे दप्तर जळाले असते तर एडविगचा उधळेपणा बराच कमी भरला असता.

त्या वर्षी कोणाला वर आणले गेले हेही पाहण्यासारखे आहे. एल्फहेर याला मर्शियाचा, बिर्थनोथ याला एसेक्सचा आणि अर्ध्या राजाच्या मुलाला, एथेलवोल्डला (हा बिशप एथेलवोल्ड नव्हे), ईस्ट अँग्लियाचा एल्डरमन नेमण्यात आले; अर्धा राजा स्वतः निवृत्त होऊन ग्लॅस्टनबरीच्या मठात गेला. एल्फहेर पुढे एडगरच्या आणि त्याच्या मुलांच्या काळातही राज्यातील पहिल्या क्रमांकाचा सरदार राहिला, आणि बिर्थनोथ 991 मध्ये मॅल्डनच्या लढाईत व्हायकिंगांशी लढताना पडला. मूर्ख म्हणवल्या गेलेल्या राजाची माणसे त्याच्या शहाण्या भावाने पुढे जशीच्या तशी वापरली, इतकेच याबाबत म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे आहे.

आजी एडगिफूची जमीन हिसकावली गेली, हा एडविगवरील आणखी एक आरोप. या बाबतीत खुद्द एडगिफूचेच निवेदन उपलब्ध आहे, केंटमधील कूलिंग येथील जमिनीच्या वादासंबंधी जुन्या इंग्रजीत लिहिलेले, आणि ते तिच्या नातवाचा राज्यकाळ संपल्यानंतरचे आहे. एड्रेड वारल्यावर आपली सारी मालमत्ता आपल्याकडून काढून घेण्यात आली, असे ती सांगते. पण कूलिंग कोणी घेतले तर गोडा नावाच्या माणसाच्या दोन मुलांनी, ज्यांच्याशी हा तंटा तिच्या वडिलांच्या काळापासून चालत आला होता, आणि त्यांनी नवनियुक्त बालराजापुढे जाऊन आपला हक्क मोठा असल्याचा दावा केला. एडगर वयात आल्यावर निकाल तिच्या बाजूने फिरला. हा कागद वाचून एडविग निर्दोष सुटत नाही, कारण आजीला सत्तेबाहेर काढण्याचा निर्णय त्याचा किंवा त्याच्या सल्लागारांचाच असणार. मात्र संतचरित्रात जे दुष्टपणाचे कृत्य म्हणून येते ते इथे पिढीजात जमिनीच्या वादात सत्ताबदलाबरोबर पारडे फिरल्याचे सामान्य उदाहरण दिसते. एड्रेडच्या मृत्युपत्रातही एडविगचे नाव कोठे नाही, परंतु आईला जमिनी आहेत, आणि दुष्काळ किंवा परकीय सैन्य यांपासून लोकांची सुटका करण्यासाठी ठेवलेल्या रकमेपैकी 200 पौंड सॉमरसेट आणि डेव्हनच्या लोकांकरिता ग्लॅस्टनबरीत डन्स्टनने सांभाळावेत अशी सूचना आहे. मेलेल्या राजाचा खजिना ज्याच्या कोठीत आहे तो मठाधिपती आणि गादीवर आलेला नवा राजा यांच्यात वितुष्ट येण्यास मेजवानीतील प्रसंगाची गरज नव्हती, असे मानायला या कागदाने वाव मिळतो.

एथेलगिफूची मुलगी एल्फगिफू हिच्याशी एडविगने विवाह केला, हे संतचरित्र लपवू पाहते. त्यात दोघी माय-लेकी सारख्याच बदफैली ठरवल्या आहेत. पण बिशप बिर्थहेल्म आणि ॲबिंग्डनचा मठाधिपती एथेलवोल्ड यांच्यातील जमिनीच्या अदलाबदलीच्या करारात साक्षीदार म्हणून राजाची पत्नी एल्फगिफू आणि राजाच्या पत्नीची आई एथेलगिफू अशी दोन्ही नावे बिशपांच्या बरोबरीने येतात, आणि विंचेस्टरच्या न्यू मिन्स्टर या मठाच्या प्रार्थनायादीतही, म्हणजे ज्यांच्या आत्म्यासाठी नित्य प्रार्थना करायची त्यांच्या यादीत, एडविगची पत्नी म्हणून तिचे नाव आहे. ज्याने एडविगला बालिश म्हटले त्याच एथेलवोल्डने आपल्या मठाच्या फायद्याच्या कागदावर या राणीची साक्ष खुशाल चालवून घेतली होती.

तिचा भाऊ मानला जाणारा एथेलवीर्ड आपली वंशावळ आल्फ्रेडच्या थोरल्या भावापर्यंत, राजा पहिला एथेलरेड याच्यापर्यंत नेतो. तसे असेल तर हा विवाह राजघराण्याच्या दोन शाखा जोडणारा होता आणि त्यातून होणाऱ्या मुलापुढे एडगरचा वारसा फिका पडला असता. एडगरला वाढवणाऱ्या मंडळींना, त्याच्या आजीला आणि मठसुधारकांना, या लग्नाची धास्ती वाटण्याचे कारण नीतीपेक्षा वंशावळीत अधिक सापडते. चर्चच्या कायद्याप्रमाणे सात पिढ्यांच्या आतील नात्यात विवाह निषिद्ध होता, म्हणून ओडाने दिलेले कारण तांत्रिकदृष्ट्या खरे असेल. परंतु हा निषेध राजघराण्यांत क्वचितच काटेकोरपणे पाळला जाई. पुढे खुद्द एडगरने विल्टनच्या मठातील वुल्फथ्रिथ हिच्याशी संबंध ठेवला आणि तिच्यापासून त्याला मुलगी झाली, तरी मठवासी लेखकांनी त्याला आदर्श राजाच ठरवले. मठांना ज्याने जमिनी दिल्या त्याच्या पलंगाकडे त्यांनी पाहिले नाही.

957 मध्ये टेम्स ही सीमा धरून राज्य विभागले गेले: उत्तरेकडे एडगर, दक्षिणेकडे एडविग. संतचरित्राच्या मते उत्तरेतील लोकांनी मूर्ख राजाला झुगारले. बंडच झाले असते तर त्याच्या खुणा अन्य कागदांत दिसायला हव्या होत्या. दिसते ते निराळेच. एडगर 956 मध्ये भावाच्या सनदांवर साक्षीदार आहे आणि 957 मध्ये तो सुमारे चौदा वर्षांचा, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने वयात आलेला होता. वाटणीनंतर ज्या एल्डरमन आणि बिशपांचे प्रांत टेम्सच्या उत्तरेस ते एडगरच्या सनदांवर दिसतात, दक्षिणेचे एडविगच्या. माणसे मनाने नव्हे तर भूगोलाने विभागली गेली आहेत. एडविग सनदांमध्ये इंग्रजांचा राजा हे व्यापक बिरुद चालू ठेवतो, आणि नाणी तर जवळजवळ सर्व त्याच्याच नावाने पडत राहिली, उत्तरेतील टांकसाळींतूनसुद्धा. नाणे हा सार्वभौमत्वाचा सर्वांत उघड पुरावा असल्याने थोरल्या भावाचे वर्चस्व मान्य करून केलेली ही वाटणी होती, कदाचित एड्रेडच्या मृत्यूच्या वेळीच ठरलेली, असे मत आता पुष्कळांनी मांडले आहे. शशी जयकुमार यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या दोन भावांच्या काळातील गटबाजी आणि प्रचार यांवर भर दिला, तो योग्यच. मात्र शांततेने झालेल्या वाटणीतही दडपण असू शकते, आणि एडगरने आपल्या हद्दीत डन्स्टनला परत बोलावून बिशप केले ही थोरल्या भावाच्या निर्णयाला उघड दिलेली चपराक होती. सौहार्दाचे चित्र फार रंगवू नये.

एडविग 1 ऑक्टोबर 959 रोजी, विशीच्या आतबाहेर, निपुत्रिक वारला आणि विंचेस्टरच्या न्यू मिन्स्टरमध्ये त्याला पुरले. त्याच्या मृत्यूचे कारण कोणी नोंदवलेले नाही. कँटरबरीच्या गादीसाठी ओडानंतर त्याने निवडलेला एल्फसीग पोपकडून अधिकाराचे वस्त्र आणण्यासाठी रोमला निघाला असता आल्प्समध्ये थंडीने मेला, त्यानंतरचा बिर्थहेल्म एडगरने हटवला, आणि डन्स्टन आर्चबिशप झाला. इथून पुढे लिहिणाऱ्या हातांना एडविगचे कौतुक करण्यात काहीच लाभ नव्हता.

आणि कथा वाढत गेली. अकराव्या-बाराव्या शतकांत कँटरबरीचे चरित्रकार ऑझबर्न आणि ईडमर यांनी राजाच्या सहवासातील स्त्रीच्या वाट्याला भयंकर शिक्षा आणल्या: आर्चबिशप ओडाने तिच्या चेहऱ्यावर तापल्या लोखंडाने डाग दिले, तिला आयर्लंडला हाकलले, परत आली तेव्हा ग्लॉस्टर येथे पकडून तिच्या पायांच्या शिरा तोडल्या. या लेखकांना यात आर्चबिशपची कठोर धर्मनिष्ठा दाखवायची होती. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम याने आपल्या इंग्लंडच्या इतिहासात हाच तपशील घेतला आणि त्यातून धर्मांध मठवाशांच्या क्रूरतेला बळी पडलेल्या तरुण जोडप्याची करुणकथा उभी केली. तिच्यावर फॅनी बर्नी हिने एडवी अँड एल्जिवा हे शोकनाट्य लिहिले. 21 मार्च 1795 रोजी ड्रूरी लेनच्या रंगमंचावर सेरा सिडन्स आणि जॉन केंबल यांच्यासारखे नट असूनही ते असे कोसळले की दुसरा प्रयोग झालाच नाही. ह्यूमचा पुनर्विचार हा खरा पुनर्विचार नव्हता: संताच्या भक्तांनी घटनेनंतर शतक-दीड शतकाने रचलेला छळ त्याने जसाच्या तसा खरा धरला, फक्त टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते बदलले.

डागांच्या आणि तोडलेल्या शिरांच्या या कथेविरुद्ध सर्वांत बळकट साक्ष देते ते एक मृत्युपत्र. एल्फगिफू नावाच्या श्रीमंत स्त्रीचे ते आहे, ती एडविगची विधवाच होय असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ते 966 नंतर पण एडगरच्या हयातीतले. 966 मध्ये एडगरने आपली नातलग म्हणून एल्फगिफूला लिन्सलेड आणि न्यूनम येथील जमिनी दिल्याच्या सनदा आहेत. मृत्युपत्रात लिन्सलेड, विंग आणि आणखी काही गावे ती राजाला परत करते, सोबत सोन्याची कडी, पेला, सहा घोडे आणि तितक्याच ढाली-भाले ठेवते, न्यूनम राजपुत्राच्या नावे करते, राणीला कंठा देते आणि आपला देह विंचेस्टरच्या ओल्ड मिन्स्टरमध्ये पुरावा अशी इच्छा व्यक्त करते. ज्यांच्या नावे ती जमीन ठेवते त्यांच्यात बिशप एथेलवोल्डही आहे, आणि त्याच्याकडे तिचे मागणे असे की आपल्या आईसाठी आणि आपल्यासाठी त्याने सदैव देवापाशी रदबदली करावी.